सीटी झालं, मग हे काऊन?

पत्र असं आहे:

‘मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, वय ६४. वीज मंडळातून निवृत्त. मागच्या वर्षी अचानक शुगर निघाली, मग जेवण कमी होत गेलं, सात किलो वजन उतरलं. महिनाभरापासून अंगाला खाज, आता डोळे पिवळे आणि संडास पांढरट. बिलिरुबिन ११. सीटीत स्वादुपिंडाच्या डोक्यात २.८ सेंटिमीटरची गाठ आली. डॉक्टर म्हणतात, एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड करू, तुकडा काढू, मग ठरवू. मोठे दीर म्हणतात, “सीटी झालं ना, मग हे काऊन? पैसे काढून राहिले.” सासूबाईंना धास्ती, गाठीला सुई लागली की कॅन्सर भडकतो. नणंदेचं म्हणणं, आधी स्टेंट टाका, कावीळ उतरू द्या, बाकीचं मागाहून. शेजारचे एक जण कावीळ उतरवणाऱ्याकडे न्यायचं म्हणतात. मामाजींना आम्ही पित्ताच्या नळीत खडा आहे, एवढंच सांगितलंय. सोमवारची तारीख मिळाली आहे. फाईल माझ्याकडे असते म्हणून सगळे मलाच विचारतात. काय सांगू? आणि ही कोणती स्टेज?’
— मानेवाड्याहून एक सून

ताई,

फाईल ज्याच्या हातात, घराचा रागही त्याच्याच वाट्याला येतो. तीस वर्षं पोट तपासायच्या दुर्बिणीच्या खोलीत काढली. तिथल्या बाकावर अशी फाईल पोटाशी धरून बसलेल्या सुना मी पुष्कळ पाहिल्या. मुलगे बाहेर फोनवर असतात.

मी सीटीची सीडी पाहिलेली नाही. रिपोर्टमधल्या ज्या दोन ओळी तुम्ही उतरवून पाठवल्यात, त्यांच्यावर बोलतो. पहिल्या ओळीचा अर्थ असा की गाठ एसएमव्हीला टेकलेली आहे, घेराच्या निम्म्याहून कमी. दुसरीचा अर्थ असा की गाठ आणि एसएमए यांच्यामधला चरबीचा थर नीट दिसत नाही. तुमच्या सगळ्या प्रश्नांची किल्ली या दुसऱ्या ओळीत आहे.

एसएमव्ही ही आतड्यांचं रक्त यकृताकडे नेणारी मोठी शीर. एसएमए ही आतड्यांना रक्त पुरवणारी धमनी. दोन्ही स्वादुपिंडाला खेटून जातात. निरोगी माणसात मध्ये चरबीचा पातळ थर असतो. नागपुरी संत्रं आठवा. साल आणि फोडी यांच्यात सैल जागा असते, अंगठा घातला की साल मोकळी होते. मोसंबीची साल गराला चिकटलेली असते, सोलायला गेलं की गरच फाटतो. सर्जनला शिरेजवळ संत्रं हवं असतं. शीर थोडी मोसंबीसारखी निघाली तरी तिचा तुकडा कापून जोडता येतो, सवयीचे सर्जन ते करतात. धमनीपाशी मात्र मोसंबी निघाली तर पोट उघडून पुन्हा बंद करण्याची वेळ येऊ शकते. त्या रुग्णाचे महिना-दीड महिना जखम भरण्यात जातात आणि केमोथेरपी तेवढी लांबते.

आता स्टेज. नातेवाईक एक, दोन, तीन, चार असा आकडा मागतात आणि तो आकडा असतोही. दोन ते चार सेंटिमीटरच्या गाठीला टी-२ म्हणतात. आजूबाजूच्या एक ते तीन लिम्फ गाठींत आजार असेल तर एन-१, चार किंवा जास्त असतील तर एन-२. दूर कुठे पसरला असेल तर एम-१, आणि तीच चौथी स्टेज. पण सर्जन आणि कॅन्सरचे डॉक्टर एका टेबलाशी बसतात तेव्हा त्यांची वाटणी वेगळी असते: सरळ निघणारी गाठ, काठावरची गाठ, आत्ता न निघणारी गाठ आणि पसरलेला आजार. ही वाटणी प्रामुख्याने रक्तवाहिन्यांवर ठरते. धमनीला अजिबात स्पर्श नसेल तर सरळ निघणारी. धमनीला घेराच्या निम्म्यापर्यंत टेकली असेल तर काठावरची. निम्म्याहून जास्त वेढलं असेल तर आत्ता न निघणारी. या आजारात निदान होतं तेव्हा शंभरातल्या पंधरा-वीस जणांचीच गाठ सरळ निघण्याजोगी असते, म्हणून काठावरच्यांची इतकी बारकाईने छाननी होते. तुमच्या मामाजींची गाठ, कागदावरून तरी, पहिल्या दोन खान्यांच्या मधल्या रेषेवर आहे.

म्हणून हे काऊन.

सीटी म्हणजे सीताबर्डीच्या किल्ल्यावर चढून नागपूर पाहणं. यकृत, फुप्फुसं, पोटातलं पाणी, रक्तवाहिन्या, सगळं एकदम दिसतं, आणि स्टेजिंगचा पाया आजही सीटीच आहे. पण महाल भागातल्या एखाद्या बोळात काय चाललंय ते पाहायला खाली उतरून बोळात शिरावं लागतं. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर दडलेलं असतं. पोटावरून सोनोग्राफी करताना मधे आतड्यातली हवा येते आणि हवेतून ध्वनिलहरी नीट जात नाहीत. एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंडमध्ये, ज्याला आम्ही ईयूएस म्हणतो, दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचा छोटा प्रोब असतो. दुर्बीण तोंडावाटे जठरात आणि पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वळणात जाते. स्वादुपिंडाचं डोकं त्या वळणाच्या कुशीतच बसलेलं असतं. मधे उरते ती आतड्याची भिंत, काही मिलिमीटरची. इतक्या जवळून जास्त फ्रिक्वेन्सीच्या लहरी वापरता येतात. त्या खोल जात नाहीत, पण चित्र बारीक देतात. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान गाठी सीटीतून निसटतात तेव्हा ईयूएस त्या पकडतं, ते यामुळेच.

हे तंत्र १९८० च्या आसपास आलं. तेव्हा ते फक्त पाहण्यापुरतं होतं. १९९२ मध्ये डेन्मार्कच्या पीटर व्हिल्मन यांनी याच दुर्बिणीतून, सुई पडद्यावर दिसत असताना, स्वादुपिंडातल्या गाठीतला नमुना घेतला आणि तपासणीचा सगळा उपयोगच बदलला.

पण मोठ्या दिरांना सांगताना ईयूएस सीटीपेक्षा वरचढ आहे असं सांगू नका, ते खरं नाही. दोघांचे प्रांत वेगळे. एसएमव्ही आणि ती पुढे जिला मिळते त्या पोर्टल शिरेचा गाठीशी संबंध ईयूएसमध्ये छान दिसतो. जवळच्या लिम्फ गाठी, यकृताचा डावा भाग, सीटीत न दिसलेलं थोडंसं पाणी हेही दिसतं, आणि कधीकधी तिथेच डाव्या यकृतात एक बारीक ठिपका सापडून सगळा बेत बदलतो. एसएमए धमनीच्या बाबतीत मात्र चांगली सीटी जास्त भरवशाची. यकृताचा उजवा टोकाकडचा भाग, फुप्फुसं, पोटाच्या आतल्या पडद्यावरचे दाणे ईयूएसच्या नजरेत नाहीत. जुना स्वादुपिंडदाह असेल तर ईयूएसलाही धूसर दिसतं. शिवाय ही तपासणी करणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून असते. आठवड्यात अशा किती तपासण्या करता, असं डॉक्टरांना विचारायला लाजू नका. चांगला डॉक्टर रागावत नाही.

मग धमनीसाठी सीटी बरी असेल तर सोमवारची दुर्बीण कशाला? तुकड्यासाठी. ही गोष्ट तुमच्या घरात कुणी नीट सांगितलेली दिसत नाही.

गाठ सरळ निघणारी असेल, चित्र स्पष्ट असेल आणि माणूस ऑपरेशनला धडधाकट असेल, तर तुकडा न काढताही ऑपरेशन करतात. तो चुकारपणा नसतो, जगभर तसंच करतात. गाठ काठावरची असेल तर मात्र आधी काही महिने केमोथेरपी देऊन मग ऑपरेशनचा विचार होतो, आणि कॅन्सर आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली सिद्ध झाल्याशिवाय केमो देत नाहीत, देऊही नये. स्वादुपिंडाच्या डोक्यातली प्रत्येक गाठ कॅन्सर नसते. रोगप्रतिकारशक्तीच्या गडबडीने होणारा एक स्वादुपिंडदाह हुबेहूब असाच दिसतो आणि स्टेरॉईडच्या गोळ्यांनी विरघळतो. आपल्याकडे टीबीच्या लिम्फ गाठीही तिथे सोंग घेऊन बसतात. माझ्याकडे ऑपरेशनच्या तयारीने आलेल्या एकांच्या सुईत टीबी निघाला होता. ते नंतर कित्येक वर्षं पोळ्याला बैल घेऊन माझ्या दारी येत. मामाजींचं वय, वजन, नवी शुगर पाहता मी तुम्हाला ती आशा दाखवत नाहीये. पण शंका फेडायचा मार्ग हाच.

त्या शुगरबद्दल. पन्नाशीनंतर, वजन उतरत असताना अचानक शुगर निघणं हा कधीकधी या आजाराचा पहिला निरोप असतो. पण शुगर निघालेल्या हजारोंपैकी फार थोड्यांनाच हा आजार असतो. मागच्या वर्षी कुणी काही चुकवलं, असं घरात बोलू देऊ नका.

सासूबाईंची धास्ती मी रोज ऐकायचो. सुई लागली की भडकतो. या समजामागे एक गोष्ट असते. सुई लागेपर्यंत आजार मुळात पुढे गेलेला असतो, त्यानंतर माणूस खचतो आणि लोकांच्या लक्षात राहते ती सुई. सुईच्या वाटेने पेशी सांडण्याचा धोका अगदीच शून्य आहे असं मी म्हणणार नाही. जठरातून सुई घातलेल्या काही रुग्णांत तसं झाल्याच्या नोंदी आहेत, पण तुरळक. पोटाच्या कातडीतून सुई घालण्यापेक्षा हा मार्ग सुरक्षित. आणि मामाजींची गाठ स्वादुपिंडाच्या डोक्यात आहे. तिथे सुई लहान आतड्याच्या भिंतीतून जाते, आणि पुढे व्हिपल ऑपरेशन, म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं काढण्याचं ऑपरेशन, झालं तर तो आतड्याचा भाग गाठीबरोबर काढलाच जातो. म्हणजे सुईची वाटही निघून जाते. सासूबाईंना एवढंच सांगा.

खऱ्या जोखमी वेगळ्या आहेत. शंभरात एक-दोघांना सुईनंतर स्वादुपिंडाला सूज येते, पोट दुखतं, एक-दोन दिवस जास्त राहावं लागतं. रक्तस्राव कमी, आतड्याला भोक पडणं फारच दुर्मीळ. कावीळ तुंबलेली असली की व्हिटॅमिन के शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो. म्हणून आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याची चाचणी, झाला आहे का ते फाईलमध्ये पाहा. वाढलेला असेल तर इंजेक्शन देऊन आधी सुधारतात. ते क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर आजच डॉक्टरांना सांगा. ती काही दिवस आधी थांबवावी लागते आणि ते मनाने करायचं नसतं. शुगरच्या गोळीचंही त्या सकाळी काय करायचं ते विचारून ठेवा.

दुसरं म्हणजे, पहिल्या सुईत काही निघालं नाही तर पेढे वाटू नका. खरोखर कॅन्सर असलेल्या शंभरात दहाएक जणांचा नमुना पहिल्यांदा निसटतो, कारण ही गाठ टणक असते आणि आजूबाजूला नुसत्या सुजेचा भाग बराच असतो. चित्र संशयास्पद असेल तर पुन्हा सुई घालतात. सीए १९-९ या रक्तचाचणीचा, या कॅन्सरमध्ये वाढणाऱ्या खुणेचा, तुम्ही कळवलेला ४२० आकडाही सध्या बाजूला ठेवा. नुसत्या काविळीने तो वाढतो, आणि काही माणसांच्या शरीरात तो मुळात तयारच होत नाही. कावीळ उतरल्यावर पुन्हा केलेला आकडा कामाचा.

आता नणंदेचा मुद्दा, आधी स्टेंट, म्हणजे पित्ताची नळी उघडी ठेवणारी बारीक नळी. मला तिचं म्हणणं समजतं. खाजेने रात्ररात्र झोप नाही हे बघवत नाही. पण इथे क्रमाला किंमत आहे आणि ती मी स्वतः एकदा मोजायला लावली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी उमरेडकडचे एक शेतकरी काविळीने आले. घरच्यांची घाई, माझीही. सीटीच्या आधीच ईआरसीपी करून, म्हणजे दुर्बिणीतून पित्ताच्या नळीत शिरून, स्टेंट टाकला. ईआरसीपीने शंभरातल्या काही जणांच्या स्वादुपिंडाला सूज येते, तशी त्यांना आली. मग सीटी केली तर गाठ कुठे संपते आणि सूज कुठे सुरू होते, कुणालाच सांगता येईना. वर स्टेंटची चमक. सूज उतरायला पाच-सहा आठवडे गेले. त्यांच्या मुलाने मला काही विचारलं नाही, पण विचारलं असतं तर उत्तर नव्हतं.

म्हणून आधी सीटी, मग ईयूएस आणि सुई, मग स्टेंट. तुमची सीटी स्टेंटच्या आधी झाली हे उत्तमच. बहुतेक ठिकाणी एकाच भुलीत आधी ईयूएस आणि लगेच ईआरसीपी करून स्टेंट टाकता येतो. सोमवारी तसंच करणार का, हे विचारा. केमो आधी द्यायची ठरली तर कावीळ उतरवावीच लागेल आणि त्यासाठी प्लास्टिकपेक्षा धातूचा स्टेंट बरा, तो लवकर तुंबत नाही. उलट लगेच ऑपरेशन ठरलं तर ११ बिलिरुबिनला स्टेंट न टाकताही नेतात, कारण स्टेंटमुळे जंतुसंसर्ग वाढतो. एक अपवाद लक्षात ठेवा: थंडी वाजून ताप आला तर सोमवारची वाट पाहू नका. पित्ताच्या नळीत पू होत असेल तर त्याच दिवशी नळी मोकळी करावी लागते, मग क्रम गेला उडत.

आणि तो कावीळ उतरवणारा. चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतात, पाणी पिवळं होतं, लोकांना वाटतं कावीळ उतरली. आधी हाताला काही चोळलेलं असतं आणि चुन्याने ते पिवळं होतं. शेजाऱ्यांनी स्वतःचे धडधाकट हात तसेच चोळून घेऊन त्याच पाण्यात धुवून पाहावेत. मला राग हाताचा नाही. नाकात रस टाकतात, पोटात काहीबाही मुळ्या देतात, त्याने तुंबलेल्या यकृतावर आणखी भार पडतो आणि दोन आठवडे जातात. मामाजींची पित्ताची नळी गाठीने दाबली गेली आहे. नुसती माळ घालून ती उघडणार नाही.

खड्याबद्दल मी थोडा कडक बोलणार आहे. सोमवारी भुलीच्या आधी संमतीचा कागद येईल आणि त्यावर सही मामाजींची असेल. वीज मंडळात आयुष्यभर कागद वाचलेला माणूस तो वाचेल. तिथे गाठीचा तुकडा असं लिहिलेलं त्यांनी परक्या माणसाच्या हातून वाचावं, यापेक्षा रविवारी संध्याकाळी तुमच्या नवऱ्याने शेजारी बसून सांगावं. निदान अजून पक्कं नाही, म्हणून कॅन्सर हा शब्द लगेच वापरायची सक्ती नाही. गाठ आहे, कशाची आहे ते उद्या तपासणार आहेत, एवढं खरं सांगितलं तरी पुरे. त्यांनी पुढचं विचारलं तर टाळू नका. माझा अनुभव असा की त्यांना अर्धंअधिक कळलेलं असतं आणि ते तुमच्यासाठी गप्प असतात.

पैशांचं थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं आणि केमो बसतात. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशन कार्ड आणि आधार दाखवून आधीच विचारा, ईयूएस पॅकेजमध्ये धरतात की बाहेर. नंतर विचारलं की भांडण होतं. मेडिकल कॉलेज, मिहानचं एम्स, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याचं कॅन्सर हॉस्पिटल हे सगळे तुमच्या मानेवाड्यापासून ऑटोच्या अंतरावर आहेत. तुकडोजी तर तुमच्याच रस्त्यावर. मुंबईला न्यायचं का, हा प्रश्न मोठे दीर आता काढतीलच. तपासणीसाठी रात्रभर गाडीत बसवून नेऊ नका. सीटीची सीडी पाठवा. फिल्म किंवा रिपोर्टचा फोटो नको, सीडीच, कारण सर्जनला स्वतः एकेक चित्र सरकवत रक्तवाहिन्यांभोवतीचा चरबीचा थर पाहायचा असतो. व्हिपलची वेळ आली तर मात्र जिथे हे ऑपरेशन नेहमी होतं तिथेच करा, ते नागपुरात असो की बाहेर. व्हिपल कधीमधी करणाऱ्या हातात देण्यासारखं नाही.

मोठ्या दिरांची शंका सरसकट उडवून लावू नका. डॉक्टरांना त्यांच्यासमोर एकच विचारा: या तपासणीत असं काय निघू शकतं ज्याने तुमचा पुढचा बेत बदलेल? उत्तर, तुकडा पॉझिटिव्ह आला तर केमो, डाव्या यकृतात काही दिसलं तर ऑपरेशन रद्द, असं काही आलं तर तपासणी कामाची. उत्तर नुसतं ‘करून घेऊ’ असं आलं तर दिरांचं म्हणणं बरोबर समजा आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. रिपोर्ट हातात आला की पाच गोष्टी शोधा: गाठीचं माप, शिरेला आणि धमनीला किती घेरात टेकली, लिम्फ गाठी, यकृताचा डावा भाग, पोटात पाणी. यातली एखादी लिहिलेली नसेल तर तिथल्या तिथे विचारा. तुकड्याचा रिपोर्ट यायला चार-पाच दिवस लागतील, जास्तीच्या चाचण्या लागल्या तर थोडं अधिक.

सोमवारी सकाळी दाताची कवळी काढून ठेवा, अंगठीही. सोबत दोन जण हवेत, कारण भुलीनंतर त्या दिवशी त्यांना एकटं सोडायचं नाही. आणि सहा-आठ तास उपाशी म्हणजे पूर्ण उपाशी. तुम्ही पत्रात खाली बारीक अक्षरात लिहिलंय की चाळीस वर्षांचा खर्रा अजून सुटलेला नाही. चघळायच्या तंबाखूचं या आजाराशी नातं आहे, ते बोलणं नंतर कधीतरी, शांतपणे. पण खर्रा तोंडात असताना भूल देणं धोक्याचं, लाळ आणि सुपारी श्वासनळीत जाते. ‘काही खाल्लं नाही’ असं मामाजी खरंच सांगतील, कारण खर्रा त्यांच्या हिशेबात खाण्यात मोडत नाही. निघण्याआधी शर्टाच्या वरच्या खिशातली पन्नी तुम्हीच काढून घ्या.